चकोल्यांची व्युत्पत्ती

शब्दाचे मूळ सांगणे आणि शब्दाचा अर्थ सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मी वर्गात जवळजवळ तीस वर्षे सांगत आलो. मात्र ज्या एका शब्दाच्या बाबतीत ते मी स्वतः पाळले नाही, तो शब्द माझ्याच घरच्या चुलीवरचा होता. ही गोष्ट उमगण्यासाठी एका इटालियन पदार्थाची वाट पाहावी लागली, हे थोडे हास्यास्पद आहे खरे. पण घडले ते तसेच.

२०१७च्या पावसाळ्यात माझी भाची इटलीहून सुटीवर आली होती. ती तेव्हा तुरीनला शिकत होती. सोनईच्या आमच्या घरी तिने आजीला लझान्या करून घालण्याचे ठरवले. घरात भट्टी नाही. शेवटी आईनेच तोड काढली. जर्मनच्या पातेल्यात तळाला जाड मीठ, त्यावर डबा, पातेल्यावर थाळी आणि थाळीवर निखारे. खाली चूल, वर निखारे ही युक्ती आईच्या पिढीला नवी नव्हती. भाचीने कणकेच्या पातळ पोळ्या लाटून, उकडून, टोमॅटोचा रस्सा आणि चीज यांच्या थरांमध्ये लावल्या. तासाभराने डबा उघडला. आईने एक घास खाल्ला, दुसरा घेतला, आणि निर्णय दिला : “चकोल्याच की गं ह्या. नुसत्या थरानं लावल्या.”

भाची माझ्याकडे वळून म्हणाली, “मामा, तुम्ही भाषेचे ना? मग लझान्या म्हणजे मुळात काय ते सांगा.”

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की, चकोल्या म्हणजे ज्यांना अन्यत्र वरणफळे म्हणतात त्या. तुरीचे पातळ वरण, त्याला लसूण-जिऱ्याची फोडणी, चिंच-गूळ; घट्ट मळलेल्या कणकेची पोळी लाटायची, तिचे तुकडे करायचे आणि उकळत्या वरणात एकेक करून सोडायचे. वरणाला खळखळून उकळी फुटण्यापूर्वी सोडले तर त्यांचा लगदा होतो, म्हणून आई पातेल्याजवळ कोणाला बोलू देत नसे. वर तुपाची धार. ज्या दिवशी भाजी नाही, किंवा बाहेर झड लागली आहे आणि चार माणसे अचानक वाढली आहेत, त्या दिवसाचा हा पदार्थ. ताटात तो एकटाच असतो आणि पुरतो. शब्द नेहमी अनेकवचनी. ‘एक चकोली’ असे मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही, शेवयांचेही तसेच. इटालियनमध्येही पदार्थाचे रूढ नाव ‘लझान्ये’ असे अनेकवचनी आहे, आणि ‘लझान्या’ म्हणजे त्यातली एक पाती. इंग्रजीच्या मार्गाने आलेली आपली मंडळी त्या एका पातीला सगळा पदार्थ समजतात.

भाचीला उत्तर देण्यासाठी मी पुस्तके काढली, आणि जे सापडले त्याने मला बरेच दिवस सोडले नाही. या शब्दाच्या मुळासाठी तीन दावेदार आहेत. त्यांपैकी अरबी ‘लौझीनज’ या बदामाच्या मिठाईचा दावा मी येथे बाजूला ठेवतो. त्याला विद्वान पुरस्कर्ते आहेत, पण तो फार लांबून येतो. उरलेले दोन लॅटिन आहेत आणि दोन्ही ग्रीकमधून आलेले. पहिला ‘लागानुम’ : पिठाची पातळ चपटी पोळी. आपिकिउसच्या नावावर असलेल्या रोमन पाकग्रंथात अशा पोळ्या मांसाच्या सारणासोबत थराथराने रचण्याची कृती आहे. अर्थाच्या दृष्टीने याहून चांगला पूर्वज मागून मिळणार नाही. दुसरा ‘लासानुम’ : याचा अर्थ भांडे. कसले भांडे? ग्रीक ‘लासानोन’ म्हणजे भांडे ठेवण्याची तिवई, किंवा मग शौचाचे पात्र. पेत्रोनिउसच्या प्रसिद्ध मेजवानीत कोणी ‘लासानुम’कडे उठून जातो तेव्हा तो स्वयंपाकघरात जात नसतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आता निवड करायची तर कोणीही सुसंस्कृत माणूस पोळी उचलेल आणि ते पात्र पलंगाखाली राहू देईल. पण ध्वनिशास्त्र सुसंस्कृत नसते. ‘लागानुम’मधल्या ‘ग’चा इटालियनमध्ये ‘स’ होण्याला काही आधार नाही. उलट ‘लासानुम’पासून ‘त्या भांड्यातली’ अशा अर्थाचे ‘लासानिया’ हे रूप कल्पिले की पुढचा रस्ता सरळ आहे : ‘हिस्पानिया’चे ‘स्पान्या’ झाले, ‘कांपानिया’चे ‘कांपान्या’ झाले, तसे ‘लासानिया’चे ‘लझान्या’. म्हणून बहुतेक कोशकार नाक मुरडत का होईना, भांड्याच्या बाजूने कौल देतात. आणि ‘लागानुम’चे काय झाले? तो मेलेला नाही. दक्षिण इटलीत तो ‘लागाने’ या रूपात अजून आहे, आणि तिकडे या रुंद पट्ट्या हरभऱ्यांबरोबर शिजवून खातात.

हे हरभरे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. होरेसच्या ‘सातिरे’च्या पहिल्या खंडात, म्हणजे इ. स. पूर्व ३५च्या सुमारास, सहावी रचना आपल्या साध्या जगण्याविषयी आहे. होरेस हा दास्यातून मुक्त झालेल्या माणसाचा मुलगा. तो म्हणतो की मला मोठेपणाची दगदग नको. तिल्लिउस नावाचा एक अधिकारी रस्त्याने निघाला की पाच नोकर त्याच्यामागून भांडे आणि दारूची सुरई वाहत चालतात. मी मात्र एकटा बाजारात हिंडतो, भाजीचा आणि पिठाचा भाव विचारतो, आणि संध्याकाळी घरी येऊन कांद्याची पात, हरभरे आणि पोळी यांचे ताट पुढे ओढतो. अधिकाऱ्याच्या नोकरांच्या हातातले भांडे म्हणजे ‘लासानुम’. कवीच्या ताटातली पोळी म्हणजे ‘लागानुम’. दोन्ही दावेदार एकाच कवितेत, सहा ओळींच्या अंतराने. लवाजम्यातले ते पात्र स्वयंपाकाचे की दुसरे, यावर टीकाकारांचे मतभेद आहेत. होरेसचा स्वभाव पाहता मला दुसरेच वाटते. गरिबाच्या घरच्या पोळीला आपले नाव दक्षिणेकडच्या खेड्यांत टिकवता आले, आणि जगभर गेलेला पदार्थ मात्र साहेबाच्या भांड्याचे नाव घेऊन गेला. यातून सामाजिक निष्कर्ष काढण्याचा मोह मी आवरतो. भाषेचे असे अपघात कोणाचा न्याय करण्यासाठी घडत नाहीत.

भांड्याचे नाव आतल्या वस्तूला मिळणे यात अपरिचित असे काहीच नाही. महामार्गावरच्या ढाब्याच्या फळ्यांवर ‘हंडी’ आणि ‘कढाई’ हे पदार्थ असतात. थालीपिठात व्युत्पत्तिकार ‘स्थाली’ आणि ‘पिष्ट’ हे दोन संस्कृत शब्द दाखवतात. स्थाली म्हणजे अन्न शिजवण्याचे पात्र, आणि आज थालीपीठ तर तव्यावर थापले जाते. पात्र गेले, नाव राहिले. उलट दिशेचा प्रवासही आहे. मराठीतले ‘टमरेल’ हे इंग्रजी ‘टंबलर’चेच रूप मानले जाते. साहेबाचा पाणी पिण्याचा पेला आमच्या गावात येऊन सकाळी ओढ्याकडे निघाला. रोमनांचे शौचपात्र जेवणाच्या मेजावर चढले आणि इंग्रजांचा पेला मेजावरून उतरला, असा हा हिशेब बरोबर बसतो. वर्गात हे सांगितले की मुले मनापासून हसत आणि तास चांगला गेला असे मला वाटे.

संस्कृत साहित्यशास्त्राने या संबंधाला आधार-आधेयभाव म्हटले आणि लक्षणेचे उदाहरण म्हणून ‘मंच ओरडतात’ हे वाक्य दिले. मंच म्हणजे मचाण. ओरडतो तो त्यावरचा माणूस. शहरी विद्यार्थ्यांना हे उदाहरण ओढूनताणून आणलेले वाटते. ज्वारी हुरड्यात आली असताना गोफण घेऊन मचाणावर उभे राहून ज्यांनी पाखरे हाकली, त्यांना ते समजावून सांगावे लागत नाही. लांबून माणूस दिसत नाही, मचाणच ओरडते.

सोनई नेवासे तालुक्यात आहे, आणि नेवासे म्हटले की मराठी अभ्यासकाला शके १२१२ आठवते, म्हणजे १२९०. ज्ञानेश्वरी तेथे सिद्ध झाली. नेपल्सच्या दरबाराशी जोडला जाणारा ‘लिबेर दे कोक्विना’ हा लॅटिन पाकग्रंथ साधारण त्याच वेळचा, १३००च्या आसपासचा. त्यात लझान्याची कृती आहे : कणीक आंबवून पातळ लाटावी, तीन बोटे रुंदीचे चौकोन कापावेत, मिठाच्या पाण्यात उकडावेत, किसलेले चीज आणि मसाल्याची पूड यांच्यासह थर लावावेत, आणि टोकदार काडीने खावेत. टोमॅटो त्यात असणे शक्यच नव्हते; तो अमेरिकेतून युरोपात सोळाव्या शतकात पोहोचला. म्हणजे आईला जो पदार्थ चकोल्यांसारखा वाटला, तो त्या कृतीप्रमाणे केला असता तर आणखीच चकोल्यांसारखा वाटला असता.

येथे आणखी एक मोह उभा राहतो, आणि त्याची कबुली द्यायला हवी. १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने नेवाशाला प्रवरेकाठच्या लाडमोड टेकाडावर उत्खनन केले. सातवाहन काळाच्या थरांत भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्याच्या सुरयांचे तुकडे मिळाले. तिल्लिउसचे नोकर जी दारू वाहत होते तिच्या जातीची दारू प्रवरेच्या काठी कोणीतरी प्याले होते. भाचीच्या प्रश्नानंतर काही दिवस माझ्या मनाने या खापरांवरून सरळ पूल बांधायला घेतला : सुरई आली, तर तिच्याबरोबर पोळी का आली नसेल? लागानुम, लाटणे, चकोल्या! रात्री हे फार पटे. मांडे भाजायला उपडे खापर लागते. मनातले मांडे मात्र खापराशिवाय भाजता येतात. मुक्ताबाईला कुंभारांनी खापर द्यायचे नाकारले म्हणून ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले गेले, ही आळंदीची कथा सर्वांना ठाऊक आहे. व्युत्पत्तीच्या क्षेत्रात असे चमत्कार रोज घडतात, आणि तेथे विसोबा चाटीसारखा अडवणारा कोणी असणे आवश्यक असते. तो कामी ध्वनिनियम येतो. पण ध्वनिनियमाला विचारायचे असते. तो आपण होऊन दारात येत नाही.

मी तो विचारला नव्हता. १९८६ साली मी एम. फिल.साठी जी प्रबंधिका सादर केली, ती नेवासे तालुक्यातल्या स्वयंपाकाच्या शब्दांवर होती. ‘चकोल्या’ या नोंदीपुढे मी लिहिले : मूळ संस्कृत ‘चक्र’, चकली, चकती, चाक यांचा सगोत्र, गोल आकारावरून. चार ओळींची नोंद. परीक्षकांनी तिचा मौखिक परीक्षेत खास उल्लेख केला. त्या नोंदीच्या आधी, टिपणे काढत असताना, मी आईला ही व्युत्पत्ती ऐकवली होती. ती परातीत कणीक मळत होती. म्हणाली, “आरं, पण त्या कुठं गोल असत्यात? मी तर सुरीनं चवकोनी कापते. माझी आई बी तशीच कापायची.”

मी हे वहीत लिहून घेतले. नंतर त्यावर रेघ मारली. ते वाक्य व्युत्पत्तीच्या आड येत होते.

पुढे मी शिक्षक झालो, आणि लक्षणा शिकवताना मम्मट-विश्वनाथांचा वाद मोठ्या आवडीने शिकवू लागलो. मम्मटाने अकराव्या शतकात रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द घेतला. कुश नावाचे गवत हात न कापता जो खुडतो तो कुशल. हा झाला मूळ अर्थ, आणि ‘निपुण’ हा रूढीने आलेला लक्ष्यार्थ. चौदाव्या शतकात ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने हे अमान्य केले. त्याचे म्हणणे असे की, शब्द ज्यामुळे घडला ते निमित्त वेगळे आणि शब्द ज्यामुळे वापरला जातो ते निमित्त वेगळे. ‘निपुण’ हाच कुशल शब्दाचा मुख्यार्थ. व्युत्पत्तीतून मिळणारा अर्थ मुख्य धरायचा तर ‘गाय झोपली आहे’ या वाक्यातही लक्षणा मानावी लागेल, कारण ‘गो’ हा शब्द जाणे या अर्थाच्या धातूपासून साधतात, आणि झोपलेली गाय तर कोठेच जात नाही. युरोपात सोस्यूरने भाषेचा एककालिक आणि ऐतिहासिक विचार वेगळा केला म्हणून आपण त्याचे ऋण मानतो, ते योग्यच आहे. पण झोपलेल्या गाईने ते काम आपल्याकडे सहाशे वर्षांपूर्वी करून ठेवले होते, हे सांगताना माझा आवाज नेहमी थोडा चढत असे.

२०२३ साली एक विद्यार्थिनी तिच्या पीएच.डी.च्या मसुद्याचे प्रकरण घेऊन माझ्याकडे आली. मी निवृत्त झालो होतो. आई जाऊन दोन वर्षे झाली होती. विषय माझ्याच जुन्या विषयाच्या शेजारचा होता. ‘चकोल्या’ या नोंदीखाली तिने माझी प्रबंधिका प्रमाण म्हणून दिली होती, आणि पुढे कंसात लिहिले होते : सर्व निवेदिका चौकोनी किंवा शंकरपाळ्यासारखे तुकडे करतात, गोल आकार आढळला नाही, बहुधा प्रथा बदलली असावी.

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. माझ्या चार ओळी खऱ्या ठराव्यात म्हणून तिने एक न घडलेला इतिहास गृहीत धरला होता. एके काळी सगळ्या बायका गोल तुकडे करत होत्या आणि नंतर कधीतरी चौकोनी करू लागल्या, असे माझ्या नोंदीने तिच्याकडून लिहवून घेतले. आणि तो इतिहास खोडून काढणारी साक्ष, एक नव्हे तर दोन पिढ्यांची, १९८६ सालीच माझ्या वहीत होती.

मी तिला सगळे सांगितले. ती विश्वनाथ माझ्याकडेच शिकली होती, त्यामुळे तिने विचारलेला प्रश्न अपेक्षित असायला हवा होता. “पण सर, आजींच्या वाक्याने व्युत्पत्ती खोटी ठरते का? झोपलेली गाय चालत नाही म्हणून गम् धातू खोटा ठरत नाही.”

बरोबर होते. चौकोनी चकोली हीसुद्धा झोपलेली गायच. आकार पाहून मूळ ठरत नाही, तसे मोडतही नाही. आई अर्थाविषयी बोलत होती, मी उगमाविषयी. दोन वेगळ्या प्रश्नांची ती दोन उत्तरे होती आणि दोन्ही शेजारी लिहिता आली असती. पण माझी नोंद तेवढ्याने सुटत नाही. ‘गोल आकारावरून’ हे शब्द मी लिहिले होते ते मूळ सांगण्यासाठी नव्हे, मूळ पटवण्यासाठी. ध्वनिपरिवर्तनाचा एकही टप्पा मी दाखवला नव्हता. चक्रापासून चाक येते तेव्हा मधली पायरी ‘चक्क’ अशी दाखवता येते. चकोल्यांपर्यंतच्या पायऱ्या मी फक्त ‘सगोत्र’ या शब्दाने झाकल्या. ध्वनीची बाजू लंगडी होती, म्हणून अर्थाचा आधार लागला. आणि अर्थाचा आधार आई काढून घेत होती, म्हणून आईला खोडले. लझान्याच्या कोशकारांनी याच्या नेमके उलट केले. सुग्रास पोळी त्यांना अर्थाने खुणावत होती, ती ध्वनीच्या कारणाने त्यांनी सोडली आणि ते नको असलेले पात्र उचलले. त्यांच्यापैकी कोणालाही ते आवडले असेल असे मला वाटत नाही.

विद्यार्थिनीने आणखी एक प्रश्न विचारला, आणि त्याला माझ्याजवळ शास्त्रातले उत्तर नव्हते. “तुमच्या परिशिष्टात निवेदिकांची यादी आहे. त्यात आजींचे नाव कसे नाही?”

यादीत एकतीस नावे आहेत. सोनई, घोडेगाव, चांदे, शिंगणापूर, नेवासे. काही बायकांची वये अंदाजाने टाकलेली आहेत. मला चकोल्या पहिल्यांदा जिने खाऊ घातल्या आणि तो शब्द जिच्या तोंडून मी शिकलो, तिचे नाव नाही. त्या वेळी याचे कारण मला इतके उघड वाटले असणार की मी ते कोठे नोंदवलेही नाही : ती माझी आई होती, निवेदिका म्हणजे जिच्याकडे वही घेऊन जायचे ती. आईकडे वही घेऊन जायचे नसते. ती तर घरातच असते.

वही माळ्यावरच्या पेटीत सापडली. निळ्या शाईची रेघ सरळ, पट्टीने मारलेली आहे, आणि खालचे वाक्य पूर्ण वाचता येते. मी त्या पानाची छायाप्रत काढून विद्यार्थिनीला दिली. तिने माझी व्युत्पत्ती नोंदीतून काढून टाकली, ‘प्रथा बदलली असावी’ हेही काढले, आणि त्या जागी आईचे वाक्य आहे तसे घेतले. निवेदिकेचे नाव, गाव आणि वय तिने माझ्याकडून विचारून लिहिले. मुलाखतीची तारीख मात्र तिला हवी होती, आणि वहीच्या त्या पानावर ती नव्हती. मी आठवून सांगितले, की पाऊस होता, आणि त्या रात्री आम्ही चकोल्याच खाल्ल्या.